सदतीस सेन्सर आणि एक केबल

मे महिना संपत आला की घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देण्याघेण्याची झुंबड उडते. लहान झालेली सायकल, एकदाही न घातलेले शाळेचे बूट, नववीची पुस्तकं, कुलर. अशाच गर्दीत एक संदेश होता: ‘रास्पबेरी पाय ४ स्टार्टर किट, ३७ सेन्सरसकट. एकदाच उघडलं आहे. मुलगा दहावीत गेल्यामुळे देणे आहे, अर्ध्या किमतीत.’ रास्पबेरी पाय म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर मावणारा संगणक. सोबत फोटो. पारदर्शक झाकणाचा डबा, खणाखणांत छोट्या पिशव्या, पिशव्यांवर अजून स्टेपलरची पिन. जम्पर वायरींची पट्टी जशीच्या तशी, एकही वायर सोलून वेगळी केलेली नाही. बोर्ड मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यातून बाहेर आलेला, आणि कोपऱ्यात एक लाल एलईडी, पाय फाकवलेला.

तो फाकवलेला एलईडी डोक्यातून जाईना. बाकी सगळ्या पिशव्या बंद आणि फक्त एका एलईडीला कोणीतरी हात लावलाय, म्हणजे बोर्ड चालू करण्यापर्यंत गाडी गेली होती, पुढे कुठेतरी अडली. अशा जाहिराती ठाणे-नवी मुंबईत वर्षभर दिसतात. ऐरोलीत, नेरूळला, माजिवड्याला. मजकूरही तोच असतो, फक्त कारण बदलतं: दहावी, बारावी, बदली, जागा नाही. खरं कारण बहुतेक वेळा डब्यातच असतं, आणि ते डब्यावर छापलेल्या आकड्यात लपलेलं असतं.

३७ सेन्सरचा हा संच मुळात रास्पबेरी पायसाठी बनलेलाच नाही. तो आर्डुइनोसाठी, म्हणजे सेन्सर-दिवे चालवणाऱ्या साध्या कंट्रोलर बोर्डासाठी, बनला. आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर चालतो आणि त्याला सहा ॲनालॉग पिना आहेत, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज तो आकड्यांत वाचू शकतो. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि त्यांना फक्त आहे-नाही एवढंच कळतं. चाळीस पिनांत एकही ॲनालॉग नाही. त्यामुळे डब्यातला जॉयस्टिक, प्रकाश मोजणारा एलडीआर, तापमानाचा थर्मिस्टर, मायक्रोफोन, मातीचा ओलावा मोजणारी काटेरी पट्टी, गॅसचा सेन्सर, यांतला एकही पायला सरळ जोडून नीट वाचता येत नाही. मध्ये व्होल्टेजचे आकडे करून देणारी एमसीपी३००८ सारखी चिप लागते, आठ वाटा असलेली, १० बिटांची. ती डब्यात असेल तर किट जुळवणाऱ्याने विचार केलाय असं समजावं. बहुतेक डब्यांत ती नसते. मुलं शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये आर्डुइनो शिकून आलेली असतात, त्यांना वाटतं पिन म्हणजे पिन. पायच्या पिनेला ५ व्होल्ट दिले तर ती पिन जाते, नशीब वाईट असेल तर अख्खी चिप जाते. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ हा त्यातला सगळ्यात लाडका गुन्हेगार. त्याची एको पिन ५ व्होल्ट बाहेर टाकते. एको आणि पायच्या पिनेमध्ये एक किलोओहम, आणि पायच्या त्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत दोन किलोओहम लावला की ५ चे ३.३३ होतात. दोन रेझिस्टरचा खेळ. पण पुस्तिकेतल्या चित्रात ते रेझिस्टर नसतात, कारण चित्र आर्डुइनोच्या पुस्तिकेतून उचललेलं असतं.

शिवाय त्याच डब्यात अशा काही वस्तू असतात ज्यांच्याबद्दल आईवडिलांना कोणी सांगत नाही. एका चकतीवर काचेची नळी असते, आत चकाकणारा थेंब. तो पारा आहे. कलतेपणा ओळखणारा स्विच म्हणून तो दिलेला असतो, आणि काच फुटली तर तो थेंब फरशीच्या सांध्यात जाऊन बसतो. दुसऱ्या एका चकतीवर लाल लेझर असतो, लहान भावंडाच्या डोळ्यावर कोणी तरी धरणारच. तिसरी वस्तू रिले, निळी ठोकळी, जिच्यावर २५० व्होल्ट १० अँपियर असं ठळक छापलेलं असतं, त्यामुळे घरातला पंखा चालू-बंद करायची इच्छा अनावर होते. अशा उघड्या रिलेच्या पोटाखाली सोल्डरचे टोकदार ठिपके असतात आणि त्यांतून घरातली वीज वाहत असते. हा डबा नवशिक्याच्या हातात द्यायचा असेल तर या तीन गोष्टी आधी काढून वरच्या फळीवर ठेवाव्यात.

हे डबे म्हणजे रुखवत आहे. मांडलं की भरगच्च दिसतं, पाहुणे कौतुक करतात, आणि संसार मात्र ओट्यावरच्या चार भांड्यांवर चालतो.

तरी डब्याचा राग येत नाही, हेही खरं. नव्या सर्किट बोर्डाला एक वास असतो, रेझिन आणि फ्लक्स यांचा मिळून, तो पिशवी फाडल्यावर एकदाच येतो. खणांचं झाकण उघडल्यावर बारा वर्षांच्या मुलाचे डोळे जसे मोठे होतात तसे सुटे रेझिस्टर कागदी पाकिटातून ओट्यावर ओतल्यावर होत नाहीत. किटचा उपयोग तोच आहे, तो हावरेपणा जागा करण्याचा. प्रश्न एवढाच की हावरेपणा पहिल्या शनिवार-रविवारच्या पुढे टिकावा असं डब्यात काय आहे. आणि त्याचं उत्तर सेन्सरच्या खणांत सापडत नाही, ज्या चार कंटाळवाण्या वस्तूंकडे कोणी फोटोतही पाहत नाही त्यांत सापडतं: ॲडॅप्टर, कार्ड, एचडीएमआयची केबल, आणि वायरी.

पहिला ॲडॅप्टर. किट विकणारे सगळ्यात जास्त काटकसर इथे करतात, आणि घरातले ‘मोबाइलचा चार्जर आहे की’ म्हणतात. पाय ३ ला ५.१ व्होल्ट आणि अडीच अँपियर, पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि तीन अँपियर, पाय ५ ला ५.१ व्होल्ट आणि पाच अँपियर, असा हिशेब आहे. त्या ०.१ कडे दुर्लक्ष होतं, पण सगळी गंमत त्यातच आहे. स्वस्त मोबाइल केबलमध्ये बऱ्याचदा २८ गेजची तार असते, तिचा रोध मीटरमागे साधारण ०.२१ ओहम. वीज जाऊन परत येते, म्हणजे एक मीटरच्या केबलमध्ये तार दोन मीटर, रोध ०.४३ ओहमच्या आसपास. बोर्डाने एक अँपियर ओढला की ०.४३ व्होल्ट केबलमध्येच खर्ची पडतात. चार्जर बरोब्बर ५ व्होल्ट देत असला तरी बोर्डापाशी पोचतात ४.५७. आणि पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्यावर विजेची पिवळी खूण दाखवतो. दोष चार्जरचा नसतो, बोर्डाचा नसतो, शंभर रुपयांच्या केबलचा असतो. पण दिसतं काय? पेन ड्राइव्ह लावला की बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो, वायफाय तुटतं, कीबोर्डवरचं एक अक्षर चारदा उमटतं, आणि आठवड्याभराने कार्ड वाचलंच जात नाही. माणूस सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतो. टर्मिनलमध्ये ‘vcgencmd get_throttled’ एवढं विचारलं तर बोर्ड स्वतःच सांगतो. उत्तर 0x0 आलं तर सगळं ठीक. 0x50000 आलं तर आत्ता ठीक आहे, पण चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि वेग कापला गेला होता. कोणतंही जुनं किट विकत घेताना समोरच्याच्या घरी एवढी एक परीक्षा करून बघावी.

पाय ५ च्या बाबतीत अजून एक फसगत होते. घरात ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर असतो, टाइप-सीच असतो, मग २७ वॅटच्या बोर्डाला तो पुरणार नाही का? पुरत नाही. ते ६५ वॅट २० व्होल्टवर मिळतात. ५ व्होल्टवर तोच चार्जर बहुधा तीनच अँपियर देतो. पाय ५ त्यावर चालू होतो, पण पाच अँपियर मिळत नाहीत अशी सूचना देतो आणि यूएसबीच्या चारही तोंडांना मिळून १.६ अँपियरऐवजी फक्त ०.६ देतो. माउस-कीबोर्ड चालतात, बाहेरची हार्ड डिस्क मान टाकते. पाय ४ च्या अगदी पहिल्या बोर्डांत उलट दुखणं होतं. टाइप-सीच्या दोन पिनांना वेगवेगळे रेझिस्टर हवे होते तिथे एकच लावला होता, त्यामुळे भारी, चिपवाल्या केबलवर चार्जरला तो बोर्ड हेडफोनसारखं काही वाटायचा आणि वीजच मिळायची नाही. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं, पण सेकंडहँड बाजारात जुने बोर्ड फिरतात. भारी केबलवर मेलेला आणि साध्या केबलवर जिवंत होणारा पाय ४ दिसला तर तो बिघडलेला नाही, म्हातारा आहे. ॲडॅप्टर भारतात विकला जात असेल तर त्याच्यावर मानक ब्यूरोची खूण आणि त्याखाली नोंदणी क्रमांक हवा. किटमध्ये तीन चपट्या पिनांचा ब्रिटिश ॲडॅप्टर आणि सोबत एक ढिला कन्व्हर्टर आला, तर तो कन्व्हर्टर आपल्या गोल भोकांच्या सॉकेटमध्ये हलत राहतो, आणि प्रत्येक हलण्यागणिक बोर्डाची वीज क्षणभर जाते. अशा किटमधला ॲडॅप्टर हिशेबातच धरू नये.

दुसरं कार्ड. ३२ जीबीचं, ए१ खूण असलेलं मायक्रोएसडी पुरतं. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं, छोट्या छोट्या तुकड्यांची. फोटो काढायला सरळ रेषेतला वेग लागतो, संगणक चालवायला हा तुकड्यांचा वेग लागतो, म्हणून कॅमेऱ्यातून काढलेलं जुनं क्लास १० कार्ड पायमध्ये गोगलगाय होतं. किटमध्ये ‘ओएस भरलेलं’ कार्ड मिळतं तो सोयीचा भाग वाटतो, पण डबा गोदामात किती दिवस पडून होता कोणास ठाऊक. पाय ५ ला ऑक्टोबर २०२३ ची बुकवर्म किंवा त्यानंतरचीच ओएस चालते, आधीचं भरलेलं कार्ड त्यात घातलं तर काही उठतच नाही. काही कार्डांत तर अजून नूब्स हे ओएस बसवायचं जुनं साधन असतं, जे देणं केव्हाच बंद झालंय. म्हणून भरलेलं असो की कोरं, पहिलं काम एकच: लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर उतरवून कार्डावर नव्याने ओएसची इमेज मारायची. त्यासाठी कार्ड रीडर लागतो, आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपांना कार्डाची खाच नसते. पन्नास वस्तूंच्या किटमध्ये बऱ्याचदा तेवढाच नसतो! कार्ड बनावट आहे का हे एफ३ नावाच्या फुकट साधनाने कळतं. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि परत वाचतं. बनावट कार्ड ३२ जीबी म्हणून सांगतं आणि आठनंतर जुन्यावरच लिहीत सुटतं. नव्या कार्डावर एक रात्र यात घालवावी, फुकट जात नाही.

इमेज मारतानाच इमेजर युजरचं नाव, पासवर्ड, वायफाय आणि देश विचारतो. तो पडदा घाईत ओलांडला जातो आणि मग शनिवारची दुपार त्यात जाते. एप्रिल २०२२ पासून ‘पाय’ हा युजर आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड आपोआप मिळत नाही. किटच्या पुस्तिकेत मात्र तोच छापलेला असतो. देश भारत निवडावा, नाहीतर काही वायफाय चॅनेल दिसतच नाहीत. झीरो २ डब्ल्यू हा छोटा पाय आणि पाय ३ बी यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. घरच्या राउटरला दोन नावं असतील तर शेवटी ५जी लिहिलेलं नाव त्यांना दिसणार नाही.

तिसरी केबल. पाय ४ आणि ५ ला मायक्रो एचडीएमआय लागते, झीरोला मिनी, पाय ३ ला नेहमीची मोठी. मिनी आणि मायक्रो ही दोन नावं दुकानदारही एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून नाव न सांगता बोर्डाचा फोटो दाखवावा. पाय ४ आणि ५ च्या दोन तोंडांपैकी वीजेच्या टाइप-सीजवळचं तोंड आधी वापरायचं. कन्व्हर्टरचा लहानसा गठ्ठा लावण्यापेक्षा सरळ केबल बरी, कारण मोठी केबल गठ्ठ्याला खाली ओढते आणि मायक्रोचं तोंड बोर्डावरून उचकटतं. आणि केबल कुठे लावणार हा प्रश्न त्याहून मोठा आहे. वन-बीएचकेमध्ये टीव्ही एकच असतो आणि संध्याकाळी सात ते दहा तो कोणाचा हे ठरलेलं असतं. ज्या घरात वेगळा मॉनिटर नाही तिथे पडद्याशिवाय, लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून आज्ञा देऊन, चालवायचं ठरवूनच किट घ्यावं. त्याला एचडीएमआय केबल, माउस, कीबोर्ड काहीच लागत नाही. नाहीतर टीव्ही मिळेपर्यंत मुलाचा उत्साह आटतो.

यातूनच बोर्डाची निवड होते, खरं तर ती सगळ्यात शेवटी व्हायला हवी. लोक उलट करतात. २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिला पाय ३५ डॉलरला विक्रीला आला तेव्हा निवडच नव्हती. आता मोठ्या बोर्डांत १ जीबीपासून १६ जीबीपर्यंत मेमरी आहे, ती बोर्डावर सोल्डर केलेली असल्यामुळे नंतर वाढवता येत नाही, आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढल्यामुळे बोर्डही महागलेत. नवशिक्याने पायथन शिकायला, ब्राउझर उघडायला, सेन्सर जोडायला ४ जीबी घ्यावी, पडद्याशिवाय चालवायचं असेल तर २ सुद्धा पुरते. १६ जीबीचं किट पहिल्या बोर्डासाठी घेणं ही चैन आहे. पाय ५ घेतला तर हेडफोनची खाच नाही आणि कॅमेऱ्याची पट्टी वेगळी: २२ पिनांची, अरुंद. पाय ४ ची १५ पिनांची रुंद पट्टी त्यात बसत नाही, आणि किटमध्ये कॅमेरा असेल तर कोणती पट्टी दिलीय हे उघडून पाहावं. झीरो २ डब्ल्यू स्वस्त आणि गोड, पण त्याला ५१२ एमबीच मेमरी, आणि साध्या आवृत्तीत पिना सोल्डर केलेल्या नसतात. घरात सोल्डरिंग आयर्न नसेल तर एच अक्षर जोडलेली आवृत्तीच मागावी. ज्याला फक्त दिवे लावायचेत, तापमान मोजायचंय, त्याला पाय हवाच असं नाही. जानेवारी २०२१ ला आलेला पिको हा त्याच कंपनीचा छोटा कंट्रोलर बोर्ड चार डॉलरचा, त्याला ॲनालॉग पिनाही आहेत. त्यावर लिनक्स चालत नाही, टीव्हीला लावता येत नाही. पण त्याला बंद करायची रीत नाही, कार्ड नाही, वीज गेली तरी काही बिघडत नाही.

बंद करण्याची रीत पायला आहे, आणि ती बहुतेक किटवर छापलेली नसते. शटडाउनची आज्ञा द्यायची, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबू द्यायचा, मगच केबल काढायची. पाय ५ ला बटण आहे, पाय ४ ला नाही. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर फायलींची वाट लागते. मेमध्ये महावितरणची पावसाळ्याआधीची कामं निघतात तेव्हा दुपारी लाइट जातच राहते. बोर्ड कायम चालू ठेवायचा असेल तर रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या मेन्यूत ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करावी, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. अर्थात मग काही साठवलंही जात नाही, त्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह लागतो.

आणि उकाडा. किटमधला ॲक्रिलिकचा केस दिसायला देखणा असतो, आत दिवे चमकताना दिसतात. पण चहूबाजूंनी बंद, आणि सोबत नखाएवढे ॲल्युमिनियमचे हीट सिंक. ८० अंशांपासून पाय वेग कमी करायला लागतो, ८५ ला चांगलाच कापतो. हा हिशेब इंग्लंडमधल्या २० अंशांच्या खोलीत मांडला आणि ठाण्यातल्या ३४ अंशांच्या बेडरूममध्ये मांडला तर मधले १४ अंश आधीच गेलेले असतात. पाय ५ ला पंखा हवाच. त्याचा ॲक्टिव्ह कुलर ५० अंशांना हळूच फिरायला लागतो, म्हणजे आपल्याकडे जवळपास कायम फिरत राहणार. पाय ४ ला भिंती जाड धातूच्या असलेला केस पुरतो, आवाजही नाही. नेरूळ, ऐरोली, कळव्याच्या खाडीकाठी अजून एक भानगड आहे. तिथल्या दमट हवेत एसीच्या कॉइल लवकर जातात हे रहिवाशांना ठाऊकच आहे, तीच हवा वायरींच्या टोकांवरही काळपट थर आणते. पावसाळ्यानंतर एखादी जोडणी मध्येच तुटू लागली तर वायर दोनदा आत-बाहेर करून बघावी, कोड बदलू नये.

चौथी वस्तू वायरी. त्यांच्यासाठी आणि इतर सुट्या वस्तूंसाठी अजूनही मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे. ठाण्याहून दादर, दादरला बदलून पश्चिमेची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवार. तिथे काउंटरवर चिठ्ठी ठेवली की दुकानदार वर न बघता पाकिटं काढतो, रेझिस्टर पट्टीने मोजून कात्रीने कापतो, आणि चिठ्ठीत काही विजोड दिसलं तर विचारतो, ‘हे कशाला लावणार?’ तो एक प्रश्न किटच्या डब्याला विचारता येत नाही. घरपोच मागवलेलं स्वस्त पडतं हे मान्य, आणि दादरचा पूल चढताना तर ते फारच पटतं. पण चिठ्ठी लिहावी लागते हाच त्या खेपेचा फायदा आहे. चिठ्ठी लिहायला काय करायचंय ते ठरवावं लागतं.

ती चिठ्ठी नवशिक्यासाठी छोटीच असते. ४०० भोकांचा एक ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचायची पाटी. मेल-फिमेल (एका टोकाला पिन, दुसऱ्याला भोक) जम्पर वायरी २०, मेल-मेल २०. किटमध्ये बऱ्याचदा फिमेल-फिमेलचीच पट्टी असते आणि तिने पायपासून ब्रेडबोर्डपर्यंत पोचता येत नाही, हे एकच कारण कित्येक डबे बंद व्हायला पुरेसं होतं. ३३० ओहमचे रेझिस्टर १०, एक किलोचे ५, दोन किलोचे ५, दहा किलोचे ५. लाल एलईडी १०. ३.३ मधून एलईडीचे साधारण २ व्होल्ट गेले की १.३ उरतात, ३३० ओहममधून चार मिलिअँपियर, पिन सुरक्षित आणि उजेड पुरेसा. चार बटणं, एक ॲक्टिव्ह बझर. आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर, जो बहुतेक किटमध्ये नसतो आणि सगळ्यात जास्त शिकवतो. वायर आतून तुटलीय, रेझिस्टर ३३० चा नसून ३३ किलोचा आहे, ब्रेडबोर्डची लाल रेघ मधोमध तुटक आहे, हे सगळं तो बीप करून नाहीतर आकडा दाखवून सांगतो.

सेन्सर एकच घ्यावा, पहिल्या महिन्यात. लोक तापमान आणि आर्द्रता मोजणारा डीएचटी११ घेतात कारण तो स्वस्त. पण त्याची मजल ९० टक्के आर्द्रतेपर्यंत आणि चूक पाच टक्क्यांची. जुलैत ठाण्यात हवा बऱ्याचदा त्याच्या वर जाते, म्हणजे मोजायला मजा यावी त्या दिवसांतच तो आंधळा. डीएचटी२२ शंभरापर्यंत जातो, तापमानात अर्ध्या अंशाची चूक. दोघांनाही ३.३ व्होल्टच द्यावेत. माणसाची हालचाल ओळखणारा एचसी-एसआर५०१ मात्र ५ व्होल्टवर चालतो आणि बाहेर ३.३ देतो, म्हणून तो सरळ जोडता येतो. चालू केल्यावर मिनिटभर तो उगीचच इशारे देतो, तेवढं थांबायचं.

पुस्तिका बाजूला ठेवावी. पाय ५ वर पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमधून येतात, त्यामुळे पुस्तिकांमधली आरपीआय डॉट जीपीआयओ ही जुनी लायब्ररी तिथे चालत नाही, बेस ॲड्रेस सापडत नाही म्हणून तक्रार करते. जीपीआयओझीरो वापरली की तोच एलईडी चार ओळींत लुकलुकतो. अंकांचाही घोळ आहे. चिपच्या हिशेबात जी जीपीआयओ १७, ती पट्टीवर मोजली तर ११ वी पिन. पुस्तिका एक क्रमांक सांगते, कोड दुसरा मागतो, आणि मूल पाय फाकवलेला एलईडी १७ व्या पिनेला लावून बसतं. ती तर ३.३ व्होल्टची वीज आहे, एलईडी सतत पेटून राहतो, कोड काहीही सांगो. त्या फोटोतलं किट इथेच अडलं असेल का? असेलही.

डबा आधीच घरात असेल तर टाकून देऊ नये. पिशव्यांचे तीन ढीग करावेत. पारा, लेझर, रिले पहिल्या ढिगात, मुलांच्या हाताबाहेर. पाऱ्याचा स्विच ओल्या कचऱ्यात वा सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावा. दुसऱ्या ढिगात ३.३ व्होल्टवर सरळ चालणारे: बटण, रीड स्विच, बझर, फिरता एन्कोडर, रिमोटचा इन्फ्रारेड रिसीव्हर, डीएस१८बी२० तापमापक. काही स्वस्त नकलांवर प्लस-मायनसच्या छापील खुणा उलट्या असतात, म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटरने ग्राउंडची पिन शोधून घ्यावी. तिसऱ्यात सगळे ॲनालॉग. त्यांच्यासाठी एमसीपी३००८ आणावी, नाहीतर एक पिको. जॉयस्टिक आणि एलडीआर पिकोच्या २६, २७, २८ या जीपीआयओ पिनांवर ३.३ व्होल्ट देऊन पहिल्याच दिवशी चालतात. गॅसचा सेन्सर मात्र तिथेही सरळ जोडायला नको, त्याचा हीटर ५ व्होल्ट मागतो आणि त्याची ॲनालॉग तार ३.३ च्या वर जाऊ शकते. त्याला एचसी-एसआर०४ सारखीच दोन रेझिस्टरची जोडी लावायची, मगच पिकोला भिडवायचा.